झेंडूच्या डब्याचं झाकण

प्रिय रेणू, माझ्या पिल्ला,

सगळ्यांच्या आधी आल्या त्या मालनबाई. तुझा बाबा तुझ्या सापाची पेटी माझ्याकडे ठेवून जिना उतरतोय न उतरतोय, तोच यांनी दार वाजवलं. काकू, घरी नागोबा आणला म्हणे, हौ का? एका हातात दुधाची वाटी न् हळदीकुंकू, दुसऱ्या हातात उकडलेलं मक्याचं कणीस! त्यांच्या नातीनं मोबाइलात बघितलं की या जातीचं नाव मक्यावरून पडलंय, म्हणून मका. मी म्हटलं, अहो बाई, तो काय तळ्याकाठी टँक बंडवर हवा खायला आलाय, कणीस खायला? हसल्या, पण वाटी काही खाली ठेवली नाही. त्यांच्या मागून खालच्या मजल्यावरची भामा आली, मग भामाची जाऊ, मग कोण कोण ते मला नावानिशी ठाऊकसुद्धा नाही. देवळात नाही एवढी रांग माझ्या बाल्कनीत.

तुला माझं अक्षर लागतं का गं? माझी शाळा चौथीत सुटली आणि तुझं मराठी तेलुगू-इंग्रजीत बुडालं. अडलं तर मोठ्यानं वाच, कानाला कळेल. तू हॉस्टेलवर गेलीस आणि तुझ्या आईनं जाहीर केलं की कुकटपल्लीच्या घरात एक तर हा साप राहील नाहीतर मी. तेव्हा मीच तुझ्या बाबाला म्हटलं, मकरंदा, आण इकडे. माझ्याकडे कोण राहतंय दुसरं? खरं सांगू, मला आनंदच झाला. शेंदरी, करंगळीहून बारीक, आणि जीभ अशी लवलव. नाव ठेवलंस तेही शोभतं, झेंडू. पण ज्याच्याकडून तू हा साप आणलास त्या गौतमनं फोनवर सांगितलं ते ऐकून जीव टांगणीला लागला. म्हणाला, आजी, अंड्यातून निघाल्यापासून यानं एक घास घेतलेला नाही. असाच राहिला तर जायचा. आणि खायला काय घालायचं, तर म्हणे उंदराची पिल्लं. बर्फातली. डबा तुझ्या बाबानं पेटीबरोबरच दिला होता, मला वाटलं औषध असेल.

शी शी शी, रेणू! मी तो डबा उघडला आणि बंद केला. परत उघडला. गुलाबी, बिनकेसाची, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी, एकाला एक चिकटलेली. माझ्या फ्रीजमध्ये, जिथं कांद्याचा वाससुद्धा मी कधी येऊ दिला नाही! मी खवलेला नारळ काढला, मटार काढले, सगळं भामाकडे पाठवून दिलं. तो कप्पा आता झेंडूचा. एक जुनी कान तुटलेली वाटी त्याच्या नावानं वेगळी केली. त्यात गरम पाणी घालून पिल्लू मऊ करायचं असतं. पाणी तापल्यावर जो वास सुटला ना, ओलं फडकं आणि कुजका खोबऱ्याचा तुकडा एकत्र केल्यासारखा, मी मोरीत जाऊन सकाळचं सगळं ओकले. मालनबाई दारातच होत्या. त्यांच्या घरी दर रविवारी मटण शिजतं, पण यांनीही पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, काकू, तुमचं सोवळं बुडालं की वो आता! मी म्हटलं, बुडू दे, पोहता येतं त्याला.

मग मी ते पिल्लू चिमट्यात धरलं आणि झेंडूपुढे हलवलं. तो मागे. मी पुढे नेलं, तो आणखी मागे. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. पाहुण्याच्या पानावर डोळे लावून बसायचं आणि नको म्हणाला की दोन पोळ्या वाढायच्या. तुझ्या आजोबांच्या वेळी तर जावयाला ठसका लागेपर्यंत जिलबीचा आग्रह चालायचा. मला दुसरं काय येतं? मी त्या सापालाही म्हणायला लागले, घे रे राजा, एवढा एक घे, माझ्यासाठी घे. भामा म्हणे, तोंडाला लावून बघा. मालनबाई म्हणत, दूध तरी दाखवा. जी येईल ती झाकण उघडे, जेवला का विचारे, त्याची तोंडाकडून शेपटीकडे तपासणी करे आणि चहा पिऊन जाई. तो बिचारा कोपऱ्यात गुंडाळी करून डोकं खाली घालून पडलेला. अंगावरची कातडी सैल दिसायला लागली. मला रडू यायचं गं.

गौतमला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, आजी, लहान असताना ही जात पाली खाते, त्या पिल्लाला पालीचा वास लावून बघा. पाल! मेली माझ्या अंगावरून नुसती गेली तर मी डोक्यावरून न्हाते. ट्यूबलाइटच्या मागे एक जाडी असते ना, तीच. मी केरसुणी उगारली, ती पळाली आणि शेपूट टाकून गेली. ते शेपूट माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर एकटंच वळवळत होतं. मी ओट्याला धरून उभी राहिले. मग हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, तोंडानं रामरक्षा, आणि ते वळवळणारं शेपूट उचलून त्या गुलाबी पिल्लाच्या नाकाडावर घासलं. अभ्यंगाला तेल चोळावं तसं. शिसारी कमी झाली म्हणशील तर नाही. तशीच होती, अगदी तशीच. हात मात्र चालला.

एवढं करूनही भामा आणि मालनबाई पेटीवर वाकून बसलेल्या, आता खातो बघा, आता खातो. तो ढिम्म. आणि बघता बघता मला तू आठवलीस. चार वर्षांची होतीस. घरात पाहुणे असले की पानावर बसून तोंड घट्ट मिटायचीस. सगळे म्हणायचे, जेव गं, जेव गं, तसं आणखी घट्ट. आणि मग वरणभाताची वाटी उचलून माझ्या खाटेखाली शिरायचीस. तुझी आई ओरडायची. मी चादर खालपर्यंत ओढून द्यायचे. थोड्या वेळानं चाटून पुसून वाटी बाहेर यायची.

मी दोघींना उठवलं. जा म्हटलं, आपापल्या घरी भात लावा. रागावल्या, रागावू देत. श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली, त्यात झेंडूला ठेवलं, शेजारी ते पिल्लू, झाकण लावलं, वरून माझं जुनं नऊवारी टाकलं. आणि मी पुढच्या खोलीत भाजी निवडत बसले. उठून बघायची अशी ऊर्मी यायची की मी गवारीच्या शेंगा मोजून शिरा काढल्या. दिवेलागणीला झाकण उघडलं. पिल्लू नाही! आणि झेंडूच्या पोटात मधोमध एक टपोरी गाठ, मण्यासारखी. रेणू, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आता तर शी सुद्धा केलीय त्यानं. घाण म्हणजे घाण, वास खोलीभर. मी ती कागदानं पुसून भामाला दाखवायला नेली, बाळंतिणीच्या आईसारखी.

आता ऐक. हे सगळं मी का लिहिलं ते. तुझ्या खोलीतल्या कवितानं तुझ्या बाबाला फोन केला होता. म्हणे, कॉलेजात टेबलावरची मेलेली म्हैस चिरून उघडली, तू सगळ्यांसमोर ओकलीस, मुलं हसली, आणि तेव्हापासून तू मेसमध्ये पाऊल टाकत नाहीस, बिस्किटांवर दिवस काढतेस आणि जनावरांची डॉक्टर होणं सोडून घरी येते म्हणतेस. तुझे आईबाप शुक्रवारच्या गाडीनं येणार होते, तुझ्यासमोर बसून तुला चारायला. मी त्यांना थांबवलंय. तिकिटं परत केली त्यांनी, माझ्यावर चिडून. या पत्राबरोबर धपाटे आहेत आणि शेंगाची चटणी. डबा नवा आहे, झेंडूचा नाही, घाबरू नकोस. दार लाव, पडदा ओढ, खा. जेवलीस का असं मी फोनवर विचारणार नाही, जीभ चावेन पण विचारणार नाही. शिसारी आली म्हणजे ते काम आपलं नव्हे असं मलाही आधी वाटायचं. तू परत आलीस तरी हे घर तुझंच आहे. पण भुकेल्या पोटी ठरवू नकोस, एवढंच. मालनबाईंचा राग गेला वाटतं, कालच सांगून गेल्यात की भामाला घेऊन शनिवारी पुन्हा येतो, झेंडूला जेवताना बघायचंय. येऊ देत, चहा देईन. झाकण काही उघडणार नाही.

तुझीच, खाटेवरची चादर धरून बसलेली,
आजी