शेवटची चकती

परळ, मुंबई
३ सप्टेंबर १९८२

ती. भाऊजी यांस कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

आपले कार्ड पोचले. ‘प्रकृती ठीक’ एवढेच शब्द आणि खाली सही. ताई असती तर शेरा मारून परत पाठवले असते.

शस्त्रक्रियेत निघालेला त्वचेचा नखाएवढा तुकडा ताईने आमच्या प्रयोगशाळेला दिला होता. ताई जाऊन दहा महिने झाले, पण त्या पेशी अजून जिवंत आहेत. उंदराच्या शेपटीतल्या तंतूंपासून आम्ही कोलॅजन हे प्रथिन काढतो. ते थिजले की खरवसासारखे दिसते. त्यात पेशी शरीरातल्यासारखे हातपाय पसरतात आणि भोवतालचे कोलॅजनचे जाळे स्वतःकडे ओढतात. रुपयाएवढी चकती दोन दिवसांत बटणाएवढी होते. लहानपणी ताई माझ्या अंगावरची गोधडी अशीच ओढून घेई.

आता पेशी थकल्या आहेत. शेवटची एकच चकती उरली आहे. जखम आवळत कशी भरते हे पाहायचे, तर ती फॉर्मॅलिनमध्ये बुडवून कापावी लागेल. पेशी तिथेच मरतील. तशीच ठेवली तरी महिनाभरात मरतील, आणि कळणार काहीच नाही. आपल्या होकाराशिवाय मी हात लावणार नाही.

मेहुणी भांडखोर असली तरी तिच्यावरची माया आटू देऊ नये.

कुमुद

भिसेगाव, कर्जत
९ सप्टेंबर १९८२

चि. कुमुद हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पेशी म्हणजे व्यक्ती नव्हे, हे मी जाणतो. महाविद्यालयात माझा विषय तर्कशास्त्र होता. परंतु गोधडीचा उल्लेख तू करावयास नको होतास. मी अंथरुणाच्या डाव्या कडेस निजतो. सकाळी गोधडी उजवीकडे, भिंतीशी, गोळा झालेली असते. खिडकी बंद असते. हे तुझ्या पत्राच्या पुष्कळ आधीपासून चालले आहे. मी ती परत ओढून घेत नाही, थंडी सोसतो.

शेजारच्या गोदूबाईंना हे एकदा सांगितले. बाय अजून घरातच हाय, तिला जाऊ द्या मास्तर, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. आता ते कोणत्या तोंडाने दिले, असे वाटते.

माझा नकार समजावा. तिला तेथे खाण्यास काय देता, ते कळवावे.

तुजवर लोभ आहे, तो तसाच राहील.

दामोदर

परळ
१४ सप्टेंबर १९८२

ती. भाऊजींस शि. सा. न.

पेशींना वासराच्या रक्तातले पाणी देतो. ताईला हे कळते तर तिने मला सोवळ्याबाहेर काढले असते. परवापासून त्या जाळे नीट ओढत नाहीत. मी रोज काचेतून बघते आणि रोज वाटते, आज नको.

एक सांगते. तुकडा देताना मी ताईला विचारले होते की, तुला भीती वाटत नाही ना. उपयोग होणार असेल तर घे गं, ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय, असे ती म्हणाली. आपण तेव्हा बाहेर औषधे आणायला गेला होता.

आपण म्हणाल तसेच करीन. राग धरू नये.

कुमुद

भिसेगाव
१८ सप्टेंबर १९८२

चि. कुमुद हिस आशीर्वाद.

ते वाक्य तिचेच आहे. कापावे. कार्य उरकल्यावर पत्र नको, तार करावी. मला स्नान करावे लागेल.

दामोदर

तार
२३ सप्टेंबर १९८२

ताई गेली. कुमुद

भिसेगाव
२५ सप्टेंबर १९८२

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

तार कोंडाजी पोस्टमनने आणली. गेल्या वर्षी तो स्मशानात आला होता. ही तार जुनी तर नाय ना मास्तर, असे त्याने दोनदा विचारले. मी तारीख दाखविली. तो पायरीवर बसून राहिला.

मी विहिरीवर स्नान करीत असता गोदूबाईंनी कोण गेले म्हणून विचारले. वत्सला गेली, असे मी सांगितले. माणूस दोनदा कसे जाते, हे त्यांनी विचारले नाही. आजच्याला चूल पेटवू नका, एवढेच म्हणाल्या आणि दुपारी पिठलंभाताचे ताट घेऊन आल्या.

गेल्या वर्षी त्यांनी आणलेले ताट मी झाकलेले तसेच परत पाठविले होते. या वेळी जेवलो आणि ताट घासून दिले.

तू त्या दिवशी जेवलीस की नाही, ते कळव. न जेवली असशील तर रविवारी इकडे ये.

तुझा
दामोदर