कुलपातलं पाणी

किशिनाऊ,
२७ ऑक्टोबर २०१४

ती. प्रोफिराताईस,
इलिंकाचा शि. सा. न. वि. वि.

बसवाल्यानं तुझ्या लोणच्याच्या बरण्या आणून दिल्या. टोमॅटोची फुटली, बाकी सुखरूप. फोनवर सांगायला गेले की मी ओरडते आणि तू फोन ठेवतेस, म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रंथालयात खुल्या विज्ञानाचा सप्ताह झाला. लोकांच्या पैशानं जे संशोधन होतं ते लोकांना फुकट वाचता यावं, एवढंच आमचं मागणं. त्यासाठी आम्ही संगणकावर एक भांडार उघडलंय. प्राध्यापकांनी आपले लेख त्यात ठेवायचे, कुणीही वाचायचे. आपला देश तळहाताएवढा. परदेशी मासिकं आम्हाला परवडत नाहीत, म्हणून आपल्याच माणसांनी आपल्याच मातीवर लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही.

उद्घाटनाला कोण असेल? आपला कास्यानदादा, विहिरींच्या पाण्याचे मोठे प्राध्यापक! दिव्यानं दिवा लावावा, विद्या दिल्यानं वाढते, असं घसा ताणून बोलला. मग सगळ्या विद्वानांनी तळलेल्या, चीज भरलेल्या प्लाचिंता हादडल्या, जाहीरनाम्यावर सह्या ठोकल्या, तेलकट बोटं आमच्या पडद्यांना पुसली आणि घरी गेले. भांडार रिकामं ते रिकामंच. दादाचासुद्धा एक लेख नाही. विचारलं तर म्हणतो, मासिकवाले परवानगी देत नाहीत गं. मी त्यांचाच नियम पुढे धरला: छापील प्रत नको, पण स्वतः टाइप केलेला मसुदा वर्षभरानं खुशाल ठेवा. तर म्हणाला, बघतो, फाइल शोधायला हवी. शिसारी आली, ताई.

तुझा लोभ आहेच, तो फोन न आपटण्याइतका वाढावा.
तुझी इलिंका

चिरेशेनी,
१६ नोव्हेंबर २०१४

चि. इलिंका हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले होते. आज हसू येत नाही.

शेजारच्या एव्दोकियाची तान्ही सावेता मंगळवारी निळी पडली. ओठ निळे, नखं निळी, रडायचंही त्राण नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असणार, तान्ह्या पोरांचं रक्त त्यानं बिघडतं. पोर वाचली, देवाची कृपा. पण एव्दोकिया भिंतीवर डोकं आपटून घेत होती. अंगावरचं दूध आटलं म्हणून ती डब्यातलं दूध द्यायची, आणि त्यासाठी पाणी चांगलं खळखळ उकळायची. बाईंनी सांगितलं, उकळून हे जात नाही, उलट आटून वाढतं. म्हणजे पोरीला जपायला म्हणून तिनं जे केलं, त्यानंच पोर जात होती.

बाईंनी विचारलं, पाणी कधी तपासलं होतं का? एव्दोकिया म्हणाली, तपासलं की! प्रोफिराताईंचा भाऊ तीन उन्हाळ्यांपूर्वी घरोघर बाटल्या भरून घेऊन गेला. माझ्या अंगणात बसून त्यानं चेरी खाल्ल्या. काय निघालं ते कुणी कळवलंच नाही.

कास्यानला विचार. मी विचारलं तर माझ्या तोंडून भलतंच निघेल.

जिवाला जप, आणि लवकर लिही.
तुझी ताई

किशिनाऊ,
२३ नोव्हेंबर २०१४

ती. ताईस शि. सा. न.

विचारलं. दादा म्हणाला, निष्कर्ष केव्हाच प्रसिद्ध झालेत, गेल्या वर्षी, मोठ्या मासिकात. माझं काम संपलं. म्हटलं, ते मासिक चिरेशेनीत कोण वाचतं? म्हणाला, तो माझा प्रश्न नाही.

लेख कुलपात, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. आमच्या ग्रंथालयाकडे किल्ली नाही. शेवटी तार्तूच्या एका मैत्रिणीला गळ घातली, तिनं प्रत पाठवली. आपल्या गल्लीत काय पाणी आहे ते मला एस्टोनियातून कळलं! नावं नाहीत, नुसते नंबर, पण खुणांवरून आपली गल्ली मी ओळखली. एव्दोकियाची विहीर त्यात आहे, नऊ नंबर, सगळ्यांत वाईट. आणि पाणी उकळू नये हे वाक्यसुद्धा आहे, ताई. स्वच्छ इंग्रजीत, चौथ्या पानावर. मी ते आपल्या भाषेत करून सोबत पाठवतेय, लगेच गावात वाच.

पण बाकीच्या गावांचं काय? कुठला नंबर कुणाच्या विहिरीचा, ती यादी फक्त दादाकडे. मसुदा आणि यादी भांडारात ठेव म्हणून मी हात जोडले. तर म्हणतो, नावं उघड केली की सरपंच बोंबलतील, पुढच्या प्रकल्पाला गावात पाय ठेवू देणार नाहीत. हाच माणूस दिव्यानं दिवा लावत होता.

माया असू दे.
इलिंका

चिरेशेनी,
३० नोव्हेंबर २०१४

कास्यान,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

इलिंकानं पाठवलेलं काल देवळाच्या ओट्यावर वाचलं. वाचता वाचता आठवलं. बाटल्या नेल्यास त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तू मला म्हणाला होतास, ताई, विहिरीचं सोड, वरच्या झऱ्याचं पाणी आणत जा, चवीला बरं. मी म्हटलं, भाऊ किती काळजी करतो! म्हणजे तुला ठाऊक होतं. बहिणीला वाचवलंस, आणि कुंपणापलीकडच्या बाईला सांगायला तुझी जीभ झडली.

मला माझ्या घशात गेलेल्या त्या झऱ्याच्या पाण्याचीसुद्धा किळस येते आता.

यादी इलिंकाला दे. आणि तुझ्या तोंडानं गावोगाव वाचून दाखव, उभं राहून. तोवर माझ्या दारात येऊ नकोस.
प्रोफिरा

किशिनाऊ,
२ मार्च २०१५

ती. ताईस शि. सा. न.

तू दादाला काय लिहिलंस ते त्यानं सांगितलं नाही. पण नाताळानंतर मसुदा आणि यादी दोन्ही आली. सोबत एक ओळही नाही. त्याच दिवशी भांडारात ठेवली. आता गावोगावचे दवाखाने मागवताहेत.

आता मजा ऐक. विद्यापीठानं अहवालात दादाला खुल्या विज्ञानाचा आदर्श ठरवलंय, आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे! चार शब्द लिहिले, उठून तोंड धुऊन आले. ते आपल्याला नको असं दादानंच कुलगुरूंना कळवल्याचं कानावर आलंय. खरं असेल तर बरं. मी अजून मानत नाही.

तुझ्या लोभात मला उणं नसावं.
इलिंका

चिरेशेनी,
१९ एप्रिल २०१५

चि. इलिंका हिस आशीर्वाद.

कास्यान काल आला. घरी नाही, थेट सभागृहात. सरपंच तोंड फिरवून कोपऱ्यात बसले होते. हा उभा राहून एकेक विहीर वाचू लागला: कुणाचं अंगण, पाणी कसं, कुणी पिऊ नये. एव्दोकिया सावेताला मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत बसलेली.

नऊ नंबर आला. पुटपुटून पुढे जायला बघत होता. तेव्हा एव्दोकिया म्हणाली, मोठ्यानं वाचा साहेब, मागं ऐकू येत नाही.

तिच्या-त्याच्यात दोन हातांचंसुद्धा अंतर नव्हतं गं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नऊ नंबरचं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तिच्या नावासकट. या वेळी मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

मग जेवायला आला. मक्याच्या पिठाची मामालिगा वाढली. उद्या शेजारच्या गावात वाचणार आहे म्हणे.

तुझ्यावर माझा लोभ होता, आहे. त्याच्यावर अजून पुन्हा बसलेला नाही.
तुझी ताई