चहा डाव्या बाजूने

॥ श्री ॥

सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
८ डिसेंबर २०२५

चि. निकितास,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी मामी ठीक आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे. थंडी बरी पडली आहे. सगळीकडे कांद्याची लागण चालू असल्यामुळे छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि मला वेळ जास्त, हे मामीला बघवत नाही.

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर बोलावं तर तुझी आई शेजारी बसून ऐकते. मेसेज करावा तर तुझा मोबाईल घरभर सगळ्यांच्या हातात फिरतो. म्हणून हे तुझ्या औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर माझं नाव टाकलेलं नाही. शेठनी विचारलं तर कंपनीचं आहे म्हण.

लग्नपत्रिका कुठे अडल्या, असं परवा विचारत होतीस. मशीन बिघडलंय. भाग पुण्याहून यायचाय. येईल.

बाकी माझं विचारशील तर तेच, गोळा. लोक या वयात देवाला लागतात, आमचे हे कॅमेऱ्याला लागले, असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तुला दाखवला होता ना, पुढे एक डोळा आणि मागे एक डोळा असलेला? काठीवर लावून मधोमध उभा केला की चहूबाजूंचं सगळं एकदम टिपतो. मग दोन्ही अर्धी संगणकावर जोडायची. जोडाच्या रेषेला मी शिवण म्हणतो. तिच्या फार जवळ कुणी उभं राहिलं की त्याचं काहीतरी कापलं जातं. तुझ्या साखरपुड्यात दाजींचं अर्धं नाक शिवणीत गेलंय. त्यांना सांगू नकोस.

दुसरा उद्योग जोडकॅमेऱ्याचा. दोन सारखे जुने मोबाईल लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी बसवले, माणसाच्या दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर ठेवून. एक डाव्या डोळ्याचं टिपतो, दुसरा उजव्या. नंतर तो चष्म्यासारखा बांधायचा भिंगांचा डबा डोळ्यांवर चढवून पाहिलं की चित्राला खोली येते. कोण पुढे, कोण मागे, नीट कळतं. पहिल्या खेपेला मी डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला दिलं. अंगणातली तुळस भिंतीपलीकडे गेली आणि भिंत माझ्या नाकाशी आली. मामी म्हणाली, "तुमचं समदं आसंच हाय. जवळचं दिसत न्हाई." तेव्हा मी हसलो होतो.

बघणं आणि साखरपुडा एकाच बैठकीत उरकला, तेव्हा मी दोन्ही यंत्रं लावली होती. गोळा बैठकीच्या मध्यावर आणि जोडकॅमेरा कपाटावर, नवरदेवाकडे, म्हणजे अमृतरावांकडे, तोंड करून. कपाटावर अशासाठी की तिथे कुणाचं लक्ष जात नाही. तू मला ओळखतेस. पाहुणे तोंडावर गोडच बोलतात. मला त्यांची पाठ बघायची असते.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर डबा चढवून बसलो. यात मान वळवाल तिकडचं दिसतं, त्यामुळे बघणारा माणूस येड्यासारखा गरगर फिरत असतो. मला पहिला संशय आला मुलाच्या चुलत्याचा. गोळ्याच्या चित्रात तो सारखा अमृतरावांच्या कानाशी लागलेला. म्हटलं, मुलगा मंद दिसतोय आणि हा मागून पढवतोय. मग जोडकॅमेऱ्यात पाहिलं तर चुलता चांगला चार हात मागे, खिडकीला टेकून निवांत सुपारी कातरतोय. सपाट चित्रात मागचा माणूस पुढच्याला चिकटला होता, एवढंच. चुलता सुटला.

पण संशय एकदा बसला की मला जेवण गोड लागत नाही. मी पुन्हा बघायला लागलो. कुणी काही विचारलं की अमृतराव आधी सगळं तोंड त्याच्याकडे वळवायचे, ओठ बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. आणि मग ती परात पडली. आठवतेय ना, पेढ्यांची, स्वयंपाकघराच्या दारात? ते दार त्यांच्या उजव्या हाताला. सगळी बैठक तिकडे वळली. दाजी वळले, चुलता वळला, मांडीवरची पोरंसुद्धा वळली. अमृतराव मात्र डावीकडे वळले, रस्त्याच्या दाराकडे. तिकडे काहीच नव्हतं. मग लोकांची तोंडं पाहून ते उजवीकडे आले.

एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मी पट्टीवर मोबाईल ठोकून ठोकून शिकलोय. एका कानाने दिशा कळत नाही, हे समजायला मग मला वेळ लागला नाही. मुलाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि हे आपल्याला कुणीही सांगितलेलं नाही.

निकिता, मशीन ठणठणीत आहे.

त्याच संध्याकाळी मी दाजींना फोन केला. म्हटलं, "मुलात काहीतरी खोट आहे. पत्रिका थांबवतो. काय ते नक्की करून सांगतो." कानाचं बोललो नाही, पण तेवढंही बोलायला नको होतं. तेव्हापासून ते मला रोज फोन करतात. "गहिनी, तुज्या त्या डब्यात म्हनं पाठीमागचं बी दिसतं. रविवारी घिऊन ये, मी सोता बघतो." तुझे वडील तुला माहीत आहेत. गेल्या वर्षी राहुरीचा मुलगा जरा लंगडतो असं दिसल्यावर चहा तसाच ठेवून उठले होते. त्यांनी एकदा नाही म्हटलं की कुणाचा बाप त्यांच्याकडून हो वदवून घेऊ शकत नाही.

मग मी बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेलो. हातात काठी आणि काठीवर गोळा, म्हणजे कुणी विचारलं तर छंद. म्हशींची गर्दी, टॉवेलाखाली बोटं धरून चाललेले दलालांचे सौदे, सगळं टिपत टिपत अमृतरावांच्या पेंडीच्या दुकानाशी मुद्दाम त्यांच्या उजव्या अंगाने गेलो आणि हाक मारली. ते पोत्याचं तोंड शिवत होते. मान वर नाही. पुन्हा जोराने मारली. तरी नाही. मनात म्हटलं, सापडला!

तिथे पेंड घ्यायला आलेली एक म्हातारी होती. लोक तिला बायडाबाई म्हणत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आवो पावनं, त्या अंगानं बोंबलून काय उपेग? हिकडून या. त्याला त्या कानानं येत न्हाई. ल्हानपनी ताप आल्ता. त्यो सोताच सांगतो की समद्यास्नी. आख्खा बाजार जानतो."

मी तिथून पाय काढला. वाटभर एकच डोक्यात. जो मुलगा म्हशीवाल्यांना आपणहून सांगतो, तो सासऱ्याला का सांगत नाही? त्याला गप्प कुणी बसवलं?

घरी येऊन साखरपुडा पुन्हा लावला. या वेळी खुर्ची फिरवली आणि नवरदेव सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसलो. इतके दिवस मी त्या बाजूला बघितलंच नव्हतं, कारण त्या बाजूला तू होतीस, आणि तुझ्यावर कोण संशय घेईल? परात पडली तेव्हा तू दारातच होतीस. पेढे तुझ्या पायाशी सांडले. सगळे पेढ्यांकडे बघत होते आणि तू अमृतरावांकडे बघत होतीस. ते चुकीच्या बाजूला वळले तेव्हा तुझा चेहरा कसा झाला, ते मी तुला सांगत नाही. मला बघवलं नाही.

त्यानंतर तू चहा घेऊन आलीस. दारातून सरळ आली असतीस तर त्यांच्या उजव्या हाताला पोचली असतीस. तू तशी आली नाहीस. सगळ्या बायकांच्या पाठीमागून, तुझ्या आईच्या पायाला अडखळत, अख्ख्या बैठकीला वळसा घालून तू डाव्या बाजूने गेलीस आणि वाकून हळूच काहीतरी बोललीस. ते हसले.

मुलाला मी आज पहिल्यांदाच बघतेय, असं त्या दिवशी सकाळी तूच म्हणाली होतीस ना गं?

मामीला विचारलं. तिने आधी भांडी घासली, मग पदराला हात पुसले आणि मग म्हणाली, "तुमच्याच घरात ऱ्हाते मी, मला काय डबा लागत न्हाई बघायला." घोडेगावचं स्थळ तिनेच सुचवलं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. स्वतःच्या आईची औषधं न्यायला अमृतराव तुमच्या दुकानात येत, हेही तेव्हाच कळलं. "निकीनंच गप बसवलंय त्याला. त्यो म्हनत हुता, आदी सांगू. ही म्हनली, मंडपात उभं ऱ्हायलं की मग बघू. दाजींच्या भ्यानं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमी आदी चौकशी लावली आसती, मग ऐकलं आसतं."

हे खरं आहे, म्हणून जास्त लागलं. मला राग आला नाही, वाईट वाटलं. शाळेत असताना तुझा पाय मुरगळला होता, तेव्हा आईला सांगायच्या आधी तू मला सांगितलं होतंस. आता एवढी मोठी गोष्ट झाली आणि मामा त्या लोकांत गेला, ज्यांच्यापासून लपवायचं. मी जवळचा आणि पाहुणे लांबचे, असं धरून बसलो होतो. डावं उजवं पुन्हा माझंच चुकलं.

एक राहिलं. घोडेगावच्या बाजारात मी पाठ फिरवून निघालो तेव्हा गोळा चालूच होता. काल ते पाहिलं. म्हातारीने अमृतरावांना सांगितलं तसे ते घाईने बाहेर आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझी पाठ ओळखली. मी कशाला आलो होतो, हे त्यांना समजलं असणार, कारण त्यांनी हाक मारली नाही. फक्त दोन्ही हात जोडले आणि मी म्हशींच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिले. तोंडावर नमस्कार करणारे मला रोज भेटतात. माझ्या पाठीला कुणी नमस्कार करेल, असं मला वाटलं नव्हतं. मी डबा काढला. मामीने विचारलं, डोळे का पुसताय? म्हटलं, डब्याची काच टोचते.

तर आता ऐक. रविवारी मी येतो. डबा आणतो, कारण दाजींना कबूल केलंय. पण तो त्यांच्या डोळ्यांवर चढायच्या आधी तू त्यांना सगळं सांग. कान सांग, दुकानातली ओळख सांग, चहाचंही सांग. मंडपात उभं राहिल्यावर कळलं तर ते त्या पोराला खोटा म्हणतील, चारचौघांत म्हणतील, आणि खोटा तो नाही. अमृतरावांनाही बोलावून घे. त्यांना केव्हाचं बोलायचंच आहे.

मी तुझ्या शेजारी बसतो. दाजी उठायला लागले तर त्यांचा हात धरतो आणि सांगतो, की बघा, मी सख्ख्या भावाच्या सोयरिकीतसुद्धा खोट काढलेला माणूस आहे, आणि हा मुलगा मी पुढून पाहिला, मागून पाहिला, त्याच्या नकळत पाहिला. त्यात खोट नाही. मी बोललो ते चूक होतं. माझ्या भरवशावर त्यांनी पत्रिका थांबवली, आता माझ्याच भरवशावर चालू करू देत. करतील का? मला खरंच माहीत नाही. भीती वाटते. पण तू नाही सांगितलंस तर मी डबा तसाच परत आणीन, कुणाला एक शब्द बोलणार नाही, आणि पत्रिकाही छापणार नाही. दुसरीकडे छापून घे.

मंगलाष्टकं सुरू झाली की भटजी पुकारतात, मुलीचे मामा पाठीमागे उभे राहा. मला तिथे उभं राहायचंय, निकिता. मान खाली घालून नाही.

मशीनला तेल घातलंय. कागद कापून ठेवलाय.

ताईला आणि दाजींना नमस्कार. अमृतरावांना माझा आशीर्वाद सांग. डाव्या बाजूने सांग.

तुझ्या पाठीमागे उभा राहू इच्छिणारा,
गहिनीनाथमामा