चिनाबाबाच्या त्रेचाळीस वचनांची व्यवस्था

मी, कोंडाजी बिन धाकलू, जात कुणबी, धंदा बागकाम, वय अंदाजे एकसष्ट, राहणार मौजे शेलू, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, पुरता शुद्धीवर असून कोणाच्या भिडेने वा धाकाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. पाय सुजले आहेत, डोके शाबूत आहे.

कलम १. राहते घर व मागची बाग मुलगी बायजा हिला द्यावी. बागेतल्या रामफळाची फळे शेजारी माझा चुलतभाऊ येसाजी याच्या घरी पाठवू नयेत. मागितली तरी नाही. तो मागणार नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

कलम २. छाटणीच्या दोन कात्र्या, कुदळ व झारी जावई नामा यास. येसाजीस उसनी देऊ नयेत. त्याची हत्यारे मोडकी आहेत आणि तरी त्याची कलमे माझ्याआधी धरतात.

कलम ३. माझी वही. तिची हकीगत सांगणे भाग आहे. तरुणपणी मी व येसाजी नेरळहून चढून माथेरानला एका साहेबाच्या बागेत कामास जात असू. तिथला मुख्य माळी चीन देशाचा. इंग्रज सरकारने कैदी म्हणून इकडे आणलेला; सजा भोगून सुटला आणि इथेच राहिला. त्याला आम्ही चिनाबाबा म्हणत असू. त्याच्या मुलखात अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या ज्ञानी माणसांची वचने तो वाफे खणता खणता सांगे. मी त्रेचाळीस वचने लिहून घेतली. येसाजीला अक्षरओळख नाही. त्याने एकही पाठ केले नाही. तरी बाबा म्हणे, "याला सांगावं लागत नाही." मरताना बाबाने पाणी मागितले ते येसाजीच्या हातचे. मी तांब्या घेऊन तिथेच उभा होतो.

पुढे जंगलखात्याने डोंगरातल्या ठाकर लोकांना लाकूडबंदी केली, दुष्काळ पडला, दर वेळी मी चावडीवर वही उघडून कोणते वचन कुठे लागते ते समजावले. लोक माना डोलावत आणि सल्ल्याला येसाजीकडे जात.

सदर वही बायजाने जपावी. मागच्या पानावर 'चिनाबाबाचा पट्टशिष्य कोंडाजी' असे लिहिले आहे, ते कोणी खोडू नये.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही, पण लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही. दोन वर्षांमागे प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, गाव सोडून शेतात राहा असा हुकूम आला. मी चावडीवर वचन वाचले: गढूळ पाणी निवळायचे तर त्यात हात घालू नये. म्हणजे स्वस्थ घरी बसा, असा अर्थ मी लावला. येसाजी वाद घालत बसला नाही. वळकटी डोक्यावर घेतली आणि शेतातल्या खोपटात जाऊन राहिला. सांजेपर्यंत त्याच्यामागे नऊ घरे गेली.

माझी बायको भागूबाई म्हणाली, "आवो, येसाजीभावजी गेलं. आपुनबी जाऊ. उंदीर काय तुमचं वचन ऐकत नाय."

मी गेलो नाही. लोकांना सांगितले, वचनासाठी राहिलो. ते खोटे आहे. येसाजी आधी गेला म्हणून मी गेलो नाही. तो माझ्यामागून येणार असता, तर मी पहिला निघालो असतो. सहाव्या दिवशी भागूबाई प्लेगने गेली.

कलम ५. येसाजीस माझ्या मिळकतीतून काही देत नाही.

येथवर मजकूर साक्षीदारांस वाचून दाखवला. त्यांत येसाजीही होता; त्याने माझ्या तोंडूनच ऐकावे म्हणून मुद्दाम बोलावला होता. तो म्हणाला, "कोंडा, खोपटात तुमा दोघांची जागा ठेवली व्हती रं. वैनीसाठी येगळी चूलबी मांडली व्हती."

एवढेच. चिडला असता तर मला बरे वाटले असते. हे लिहितानाही त्याचा हेवाच वाटतो आहे. म्हणून आणखी एक कलम जोडतो.

कलम ६. मला मुलगा नाही. भाऊबंद काही म्हणोत, मला अग्नी येसाजीनेच द्यावा. मडके धरून तो पुढे चालेल. या खेपेस मी त्याच्यामागून जाईन.

मुक्काम शेलू, तारीख १२ नोव्हेंबर १८९९, कार्तिक शुद्ध पक्ष, शके १८२१.

सही: कोंडाजी बिन धाकलू

साक्ष: मालोजी बिन कमळ्या, राहणार शेलू, सही दस्तुर खुद्द

साक्ष: येसाजी बिन पोशा, राहणार शेलू, निशाणी नांगराची