बाबांनी होडी थांबवली त्याबद्दल

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (पत्र घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.) भावोजींचा गुडघा कसा आहे? इथे सगळे जिवंत आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं धीराने वाचशील.

बाबा रविवारी होड्यांच्या शर्यतीत उतरले. वल्ही मारायला नव्हे, सुकाणू धरायला. वल्ही मारतात चौघे: दातांचे डॉक्टर, बेकरीवाला आणि पोस्टातले दोन कारकून. या खेळाची रीत अशी, की वल्ही मारणारे जायच्या दिशेला पाठ करून बसतात. (मी दोनदा विचारून घेतलं.) म्हणजे चार धडधाकट माणसं जीव खाऊन कुठे चालली आहेत, हे फक्त पाचव्याला दिसतं, आणि तो पाचवा वजनाने हलका हवा, एवढीच अट. नजरेची अट नाही. बाबा सत्तेचाळीस किलो. आई गेल्यापासून त्यांना कोणी कशाला बोलावलं नव्हतं. डॉक्टर दाढ काढता काढता म्हणाले, "काका, येता का आमच्यात?" तोंडात चिमटा असताना नाही कसं म्हणणार? फॉर्मवर 'पोहता येतं का' यापुढे बाबांनी 'थोडंफार' लिहिलं. ताई, तुला ठाऊक आहे, ते बादलीलाही जपून असतात.

मी पुलावर उभा होतो. पुलाची मधली कमान एका होडीपुरती. डावीकडून बाबा, उजवीकडून गिरणीवाल्यांची होडी, दोन्ही त्याच कमानीकडे. आठ पाठी माझ्या दिशेने येत होत्या. माझ्या शेजारची बाई मजेत शेंगदाणे खात होती. वीस हात उरले आणि बाबा ओरडले, "थांबा!" पस्तीस वर्षं लोकांना मोटार शिकवलेला आवाज तो. (याच आवाजाला भिऊन आपण दोघं कधी मोटार शिकलो नाही.) चौघांनी वल्ही पाण्यात रोवली. गिरणीवाले सुसाट निघून गेले आणि जिंकले.

"अहो काका, शर्यत आहे ही!" बेकरीवाला रडकुंडीला आला होता.

"असू दे. अरुंद जागी घाई करायची नाही," बाबा म्हणाले.

आता डॉक्टर दुसरा माणूस शोधताहेत.  बाबा रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहतात आणि उतरतात.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. एक लिहायचं राहिलं. त्या वेळी मी अंगातला कोट काढून पुलावरून गरागरा फिरवत होतो. बाबा त्यामुळे थांबले. पुढे काही भलतंच आहे असं त्यांना वाटलं. खरं तर त्यांची होडी चांगली दोन होड्यांनी पुढे होती. भीतीने मला ते अंतर दिसलं नाही.

ता. क. २. बाबांनी हे कोणालाही सांगितलेलं नाही. मला म्हणाले, "गप्प राहा. लोक हसतील तुला." तेव्हा ताई, तूच डॉक्टरांना चार ओळी लिही, बाबांना काढू नका म्हणावं. कोट कोणाचा होता तेही लिहिलंस तरी चालेल. शक्यतो लिहू नकोस.