दार लावून काढलेली दृष्ट

भाईंदर (पू.), ८ नोव्हेंबर २००६

ती. सौ. शालूवन्संना उर्मिलाचा सा. न. वि. वि.

ह्यांना चार दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा घरी आणलं. गिरणीतल्या कापसाने तुमच्या भावाची फुफ्फुसं गेलीत, मान्य. पण घरी आले की आठवड्यात पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा ऑक्सिजन, हे काय गौडबंगाल? आल्या आल्या मी दार उघडं ठेवून मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून तव्यावर जाळते, तरी हे असं.

परवा हॉस्पिटलची सिस्टर दारात. पेशंटला परत अ‍ॅडमिट व्हायला लागू नये म्हणून घरी येते, म्हणे. तेही फुकट! गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून धडपडणारं दुकान मी तरी पाहिलं नाही. दारातूनच वाटेला लावली. त्या दिवसापासून समोरची हंसाबेन ह्यांच्या छातीकडे टक लावून बघतेय. नजर तिचीच, दुसरं काय!

मला फार भीती वाटतेय. ह्यांच्याशिवाय मला कोण आहे? काय करू ते लगेच कळवा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची उर्मिला


रत्नागिरी, १५ नोव्हेंबर

चि. सौ. उर्मिलास शालूचे अनेक आशीर्वाद.

अगं, दार उघडं ठेवून दृष्ट काढतेस? जिन्यापर्यंत जाऊन परत येणारच ती! दारं-खिडक्या घट्ट लाव, काशीनाथला मधोमध बसव. तुमच्या बाजारातल्या मिरच्यांवर माझा भरवसा नाही, घरच्या पाठवतेय. चांगल्या मूठभर जाळ. त्या हंसाबेनला वास लागू देऊ नकोस, सिस्टरला तर नाहीच. एकुलता भाऊ आहे माझा, हयगय नको. तब्येतीला जप, कळवत राहा.

शालू


भाईंदर (पू.), २४ नोव्हेंबर

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं सगळं बंद करून मिरच्या जाळल्या. ह्यांचे ओठ निळे पडले हो! मी नुसती किंचाळत राहिले. हंसाबेनने दार बडवून उघडायला लावलं, खिडक्या उघडल्या, फळीवरचा दम्याचा पंप काढून ह्यांना दिला, पुढे वाकवून बसवलं. श्वास सुरळीत होईपर्यंत हलली नाही.

हिला हे कसं येतं, म्हणून मला तेव्हाही संशयच! विचारलं तर म्हणाली, मी हाकललेली सिस्टर तिच्याकडे पाणी प्यायला थांबली, तिनेच शिकवलं. ह्यांचा दम वाढतोय का, छातीकडे लक्ष ठेवा, असंही सांगून गेली. म्हणून बाई बघत होती.

या खेपेला हॉस्पिटल टळलं. मग हे बोलले. दर वेळी त्या धुरानेच छाती भरायची, पण मी इतक्या मायेने करतेय म्हणून हे गप्प राहिले. मला रडू आवरेना.

सिस्टर उद्या येतेय, मीच फोन करून बोलावलं. तुमच्या उरलेल्या मिरच्या हंसाबेनला दिल्या. रंग बघून खूश झाली. कशासाठी आल्या होत्या, ते सांगायचं मात्र माझं धाडस झालं नाही.

लोभ असाच ठेवा. मिरच्या तेवढ्या पाठवू नका.

तुमची उर्मिला