पी इमोनच्या छपरावरचा कंदील

११ नोव्हेंबर
आले बाई एकदाची. गाडी उशिरा लाम्फूनला लागली तर पी इमोन फलाटावर चिकट भाताची टोपली घेऊन उभी, मी वाटेत उपाशी मरणार होते जशी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, नाखोन सावनहून बाई निघाली होती, हा सांगाडा कुठून उतरला? नणंद असावी तर अशी. माझ्या नवऱ्याची, सांगोपची थोरली बहीण, म्हणून पी, म्हणजे ताई; सत्तरीला टेकली, पण स्कूटर अजून स्वतः चालवते. माझी बॅग तिच्या पायांत, मी मागे, आणि घरापर्यंत तिची बडबड. गावात कोण मेलं, कुणी सून पळवली, लोंगानच्या फळांना यंदा भाव नाही. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बोललं आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही.

सांगोपचं शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म झालं, भिक्खूंना जेवण घातलं, तेव्हाच तिने बजावलं होतं. यी पेंगला, कंदिलांच्या पौर्णिमेला, इकडे ये, कंदील सोड, चार वर्षांचा शीण वर जाऊ दे, मग पुढचं बघ. पुढचं म्हणजे नुआन, माझी लेक. पुढच्या महिन्यात बाळंत होईल. फित्सानुलोकला तिच्याकडे जायचं मी कबूल केलंय. पण या हातांनी तान्हं मूल उचलवेल की नाही, याची मला खात्री नाही. हे तिला सांगितलेलं नाही.

घर तसंच आहे. उंच खांबांवर, खाली सावलीत बाज टाकलेली, मागे लोंगानची बाग. सांगोपची लहानपणीची मागची खोली मला देत होती. मी समोरचा ओटाच मागून घेतला. रात्री तिखट सॉसेज, उकडलेली पडवळं आणि टोमॅटोचा ठेचा. पोटभर जेवले.

१३ नोव्हेंबर
दिवसभर घराखाली बसून कंदील केले. बांबूची कडी, तिच्यावर पातळ कागद, आत मेणात बुडवलेला टिश्यूचा तुकडा. आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले, त्यामुळे माझी चिकटवलेली कड सरळ आली. पी इमोन लगेच म्हणाली, बघा, नाखोन सावनची बाई आली, आता आपले कंदील खिसा लावून उडणार.

माझा जन्म कुत्र्याच्या वर्षातला. इकडे प्रत्येक जन्मवर्षाला यात्रेचा एकेक स्तूप ठरलेला; आमचा स्वर्गात, बाकीच्यांचे जमिनीवर. म्हणून कंदील हीच आमची यात्रा. त्यावरही तिने टोमणा मारलाच, तुमचं बरं गं, गाडीभाडं लागत नाही.

हसताना बरं वाटतं. पण झोप नाही. अजून दर थोड्या वेळाने डोळे उघडतात. सांगोपला कुशीवर वळवायचं असतं. झटका आल्यापासून चार वर्षं तो पडून होता, वाचा गेलेली. काही हवं असलं की खाटेच्या दांडीवर चमचा आपटायचा. आता वळवायला कुणी नाही, तरी माझी पाठ उठून बसते. शिणलेली बाई आहे मी. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

१५ नोव्हेंबर
विहारामागच्या शेतात सगळं गाव. कंदील दोघींनी धरायचा. पी इमोनने कडी धरली, मी मेण पेटवलं. कागद फुगेपर्यंत घाई करायची नाही, तो स्वतः ओढ घेतो तेव्हाच सोडायचा. त्याआधी कपाळाला लावून काय न्यायचं ते मनात सांगायचं. मी म्हटलं, माझा शीण ने. एवढंच.

चांगला वर गेला. बाकीच्यांमध्ये मिसळला. मग एकटाच थांबला, वळला, आणि शेताच्या कडेला पी इमोनचं घर आहे तिथे, छपरावर येऊन बसला.

आसपासचे सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. कुणाचा कंदील कुणाच्या छपरावर उतरला तर काय करायचं, हे इकडे पोरांनाही ठाऊक असतं. ज्याचा त्याने चढायचं, उतरवायचा, मोठ्याने म्हणायचं की माझा आहे, मी परत नेते, आणि नदीत सोडून यायचा. घरच्यांनी हात लावायचा नाही. मी शिडीकडे निघाले होते. लाजेने कान गरम झाले होते. पाहुणी म्हणून आले आणि यजमानाच्या डोक्यावर आपली पीडा बसवली.

पण पी इमोनला माझी लाज बघवेना. लोकांसमोर पाहुण्याचं तोंड पडू द्यायचं नाही, ही तिची जुनी खोड. लोंगान तोडायची काठी घेतली, कंदील स्वतः खाली ओढला, घडी घालून काखेत मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आण गं, तुझा शीण मी घेते, मला काय धाड भरलीय?

लोक हसले. मीही हसले. एक नान इन्ता तेवढा हसला नाही. तरुणपणी भिक्खू होता तो, विहारातलं सगळं त्याला विचारतात. माझ्याकडे बघून मान हलवली आणि घरी गेला.

१६ नोव्हेंबर
ऊन ओट्यावर आलं तेव्हा जाग आली. मधे एकदाही उठले नाही. उशीवर लाळ होती, लहान मुलीसारखी. खूप वेळ तशीच पडून राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा मला माझे पाय माझे वाटले. दोन वाट्या नूडल्स खाल्ल्या, तिसरी मागितली.

पी इमोन आज गप्प. काल फार उभी राहिले, म्हणाली, पायांत शिसं ओतल्यासारखं झालंय.

१८ नोव्हेंबर
बाळाची दुपटी कापली. हात थरथरत नाहीत. नुआन फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज किती मोकळा झालाय, तिकडेच राहतेस की काय? मी म्हटलं, येते गं, तुझं बाळ मीच न्हाऊ घालणार. हे म्हणताना खरंच वाटत होतं.

पी इमोनने स्कूटर काढलीच नाही. दुपारी बाजेवर डोळा लागला होता तिचा. एकदम उठली, घाईने जिना चढून मागच्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती घामाने भिजलेली, मनगट चोळत. काय करत होतीस विचारलं, तर म्हणाली, एकाच कुशीवर पडलाय कधीचा. कोण ते तिने सांगितलं नाही. झोपेत असेल, असं मी धरून चालले.

१९ नोव्हेंबर
झोपेत नाही. आज भाजी चिरताना सहज म्हणाली, डाव्या खांद्याखाली उशी दुमडून दिली की कण्हत नाही. सूप गाळून दिलं तरच गिळतो. सांगोप आजारी असताना ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा पाहुण्यासारखी बसून गेली. उशीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. मी आरशात बघते तर माझ्या नाही.

२० नोव्हेंबर
भर दुपारी मागच्या खोलीतून चमच्याचा आवाज आला. बाहेर शेजारची मिरच्या वाळत घालत होती, कोंबड्या फिरत होत्या. पी इमोन बाजेवरून उठायला धडपडत होती. मी तिच्याआधी वर गेले. खोलीत कुणी नाही. खाटेवरच्या गादीला खळगा पडलेला, उंच माणसाचा, डावीकडे कललेला. हात लावला. ऊबदार होता.

तशीच नान इन्ताकडे गेले. तो टोपली विणत होता. म्हणाला, मी वाटच बघत होतो. मग मला चांगलं झापलं. शीण एकटा जात नाही, ज्याच्यापायी शिणलीस तो मागोमाग येतो. कंदील पडला म्हणून काही बिघडलं नव्हतं, तू उतरवला असतास की संपलं असतं. पण तिने सगळ्यांदेखत 'मी घेते' म्हटलं. प्रेमाने म्हटलं म्हणून तर जास्त घट्ट बसलं. प्रेमाने कुणी 'मी घेते' म्हणालं की ते त्या माणसाकडे जातं, माणूस मग कुणीही असो. आता तू 'माझं आहे' म्हण, परत घे, नदीत सोड. म्हातारी हे फार दिवस ओढू शकणार नाही.

मी विचारलं, तुम्ही याल का सोबत? तो म्हणाला, मी कंदिलाला हात लावणार नाही आणि मदत करतो असं तोंडातून काढणारही नाही. तूही कुणाकडे मागू नकोस.

उद्या सकाळी घेते, असं ठरवलं.

२१ नोव्हेंबर
घेतला नाही.

काल रात्री इतकी गाढ झोप लागली. सकाळी उठून वाटलं, आजचा एक दिवस. खरं लिहायचं तर मला तो परत नको आहे. सांगोपवर माझा जीव होता. तरीही नको. पी इमोन जिन्यावर मधेच बसून होती, वर जायचं की खाली हे विसरून. मी तिच्या शेजारून उतरले आणि जेवायला बसले. घास गोड लागत होता, याचीच मला लाज वाटली.

२२ नोव्हेंबर
पी इमोन मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलेली सापडली. ओठ पांढरे. मला बघून म्हणते, तू नीज गं पिम, फार केलंस तू, मी आहे ना.

मग नाही राहवलं. पी इमोनने जिन्याखाली टाकलेली कंदिलाची घडी काढली. म्हटलं, माझा आहे, मी परत नेते. दोनदा म्हटलं.

पहिल्यांदा खांद्यांत शीण आला. मग कंबरेत. मग ते डोळ्यांमागचं. सगळं ओळखीचं. पी इमोन तिथेच उंबऱ्यावर घोरायला लागली, चेहऱ्यावर रंग आला. तिला ओढत ओट्यावर नेलं, पांघरूण घातलं.

नदीकडे निघाले. फाटकापर्यंत गेले. वर चमचा वाजला.

मागे फिरले. पाणी मागत असेल.

२३ नोव्हेंबर
पुन्हा निघाले. पुन्हा फाटक. पुन्हा चमचा. न जाणं जमत नाही. पाय आपोआप वळतात, चार वर्षांची सवय. कंदील कंबरेला बांधलाय, तसाच आहे.

पी इमोन झोपलेलीच. हलवलं, तोंडावर पाणी मारलं. कूस बदलते, बस.

२४ नोव्हेंबर
आज चमचा नाही. हाक आली. पिम्पा.

चार वर्षांत त्याला माझं नाव घेता आलं नाही. मी रोज म्हणायला लावायचे, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आता स्पष्ट येतं. वळव. पाणी दे. बस इथे. इतका चांगला आवाज होता त्याचा, मी विसरले होते.

बसले. गादी माझ्या बाजूने खाली गेली नाही. त्याच्या बाजूने गेली.

२५ नोव्हेंबर
नुआनचा फोन. मी येत नाही म्हटलं. इथलं हे घेऊन तिच्या घरात, बाळाजवळ — नाही. इथेच राहीन. त्याला सांभाळीन. माझं आहे.

कारण विचारलं. सांगितलं सगळं, कंदील, पी इमोन, नान इन्ता. हो हो म्हणाली, आजाऱ्याला म्हणतात तसं. मग विचारते, आई, तुझ्यामागे कोण बोलतंय?

उद्या मीच येते तुला न्यायला, म्हणाली. या पोटाने. नवऱ्याला घेऊन, गाडीने. नको म्हटलं. ओरडले. ठेवला तिने.

तो विचारतो, नुआन कधी येणार.

२६ नोव्हेंबर
फोन उचलत नाही. निघाली असेल.

नान इन्ताला निरोप धाडायचा तर कुणाबरोबर — हाक मारायला आता आवाजच फुटत नाही. पी इमोन झोपलेली. फाटकाला कडी घालायला उठले, जिन्यापर्यंत — वळव म्हणाला — वळवलं —

तिला मीच वाढवलं. मोठ्या माणसाच्या हातात काही दिसलं की पुढे व्हायचं, म्हणायचं, द्या, मी घेते. चार वर्षांची होती तेव्हापासून. कौतुक करायचे लोक. मी खूश व्हायचे.

म्हणून लिहून ठेवते. वही वरच्या पायरीवर ठेवीन, आधी हे वाच.

नुआन, खालीच थांब. वर येऊ नको. माझी दया करू नको. मी कशीही दिसले तरी. नीज म्हणू नको, मी बघते म्हणू नको, काहीच घेते म्हणू नको, भांडंसुद्धा नाही. शिव्या दे मला आणि परत जा, बाळाची

गाडी.

दार वाजलं गाडीचं. तो गप्प झालाय. ऐकतोय.

जिन्यावर पावलं, जड. उठते. वही कशी ठेवू — उठवत नाही — नुआन बोलतेय, अगं आई, काय दशा करून घेतलीस — नको बोलू — तोंड हलतं माझं, आवाज नाही — दे म्हणते, ते कंबरेचं काय आहे, सोड, तू पड जरा, मी

घेते म्हणाली. कंबर हलकी झाली.

खांदेही. नुआन, घेऊ नको, परत दे, माझं आहे म्हणायचंय मला, माझं — डोळे मिटतायत — किती दिवसांनी अशी झोप —